निघताना लाईट बंद

संयोगिताचं काम दुसऱ्यांना यंत्रं उभी करून देण्याचं. महादेवपुऱ्यातल्या एका ऑफिसात बसून ती कुठल्यातरी दूरच्या शहरातला जीपीयू सर्व्हर, म्हणजे एक दांडगा कॉम्प्युटर, भाड्याने घ्यायची, त्याच्यावर तो चालवणारं ड्रायव्हर नावाचं सॉफ्टवेअर चढवायची, आणि मग इंजिनियर मंडळी त्यावर आपापली एआय मॉडेलं शिकवत बसायची. नऊ वर्षं हेच. ड्रायव्हर एका आवृत्तीचा, लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची, आणि दोघांचं एकमेकांशी पटेल तर शपथ. सेहेचाळिसाव्या वर्षी तिला या भांडणाचा मनापासून कंटाळा आला होता.

या खेपेला मात्र सर्व्हर घरासाठी होता. तिचे वडील येसाजीअण्णा म्हणजे चिकपेटेत चाळीस वर्षं साड्या विकलेला माणूस. गिऱ्हाइकाशी कन्नड, घरात आपली मराठी, आणि दोन्हीकडे आवाज खणखणीत. त्याच गळ्यात गाठ निघाली. शुक्रवारी डॉक्टर स्वरयंत्र काढणार होते. त्याआधी अण्णांचा आवाज मॉडेलला शिकवायचा, म्हणजे पुढे ते फोनवर लिहितील आणि फोन त्यांच्या आवाजात बोलेल, एवढा एकच ध्यास तिने घेतला होता.

ऑफिसातल्या निहारकडून तिने रेकॉर्डर मागून आणला. आठ दिवस रोज जेवणाआधी अण्णा बोलले. जुने भाव सांगितले, शेजारच्या दुकानदाराला शिव्या घातल्या, बायकोच्या आठवणी काढल्या. घसा दुखला की दुकानातलं कन्नड मिसळून म्हणायचे, "स्वल्प थांब गं, पाणी घेतो."

गुरुवारी सकाळी तिने सगळं रेकॉर्डरमधून थेट सर्व्हरवर चढवलं. ड्रायव्हर तीनदा रुसला. ऑफिसची कायमची डिस्क निहारच्या कामाने भरलेली, म्हणून तिने सर्व्हरसोबत मिळणारी तात्पुरती डिस्क वापरली. सर्व्हर बंद केला की ती डिस्क कोरी होते, हे प्रत्येक नव्या माणसाला दहादा बजावणारी तीच. संध्याकाळी सगळं उतरवून घेऊ, असं तिने ठरवलं. मग रेकॉर्डर पुसून साफ केला आणि निहारला परत दिला. मागून आणलेलं भांडं घासूनच परत करायचं, ही अण्णांची शिस्त.

चारच्या सुमाराला मॉडेल बोललं, "स्वल्प थांब गं." हुबेहूब अण्णा! तिला हसूही आलं आणि रडूही. तेवढ्यात हॉस्पिटलातून फोन आला, खाट रिकामी झालीय, पेशंटला आत्ताच आणा. तिने पर्स उचलली आणि निघता निघता सर्व्हर बंद केला. लहानपणापासून घराबाहेर पाऊल टाकताना मागून अण्णांचा प्रश्न यायचा, "लाईट बंद केलीस का?" ती सवय हाडीमाशी खिळलेली.

रविवारी तिने लॅपटॉप उघडला, तर डिस्क रिकामी. निहारने रेकॉर्डर तपासला, त्यात आता त्याच्या मीटिंगा भरल्या होत्या. घरी एका लग्नाचा व्हिडिओ सापडला. त्यात अण्णांचे ओठ हलत होते आणि ऐकू येत होती नुसती वाजंत्री. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला.

सोमवारी ती हॉस्पिटलात गेली. अण्णांच्या गळ्यात नळी, मांडीवर पाटी. त्यांनी लिहिलं, "फोन बोलतो का?"

तिने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. "मीच बंद केलं, अण्णा. चुकलं माझं."

अण्णांनी पाटी पुसली. खडू हातात धरून ते खिडकीकडे बघू लागले. डोळे भरलेले तिला दिसले. मग त्यांनी सावकाश लिहिलं, "निघताना बंद केलंस ना? सरी केलंस." सरी, म्हणजे बरोबर.

रागावले असते तर तिला सोसलं असतं. हे सोसवेना. भेटीची वेळ संपली तशी ती उठली, आणि दाराशी तिचे पाय सवयीने थांबले. मागून आता काही ऐकू येणार नव्हतं.

तेवढ्यात पाटीवर खडूची टकटक झाली. तिने वळून पाहिलं. अण्णा बाथरूमकडे बोट दाखवत होते. आतली लाईट चालू राहिली होती.