उडीसाठी तीन कोटेशनं

माझ्या मोठ्या बहिणीला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी विमानातून एकटीनं उडी मारायची होती, आणि तिच्या नवऱ्याला त्यासाठी तीन कोटेशनं हवी होती. त्या हिवाळ्यातला माझा सगळा वैताग या एका वाक्यात मावतो.

ताई मुलुंडला राहते. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली. मुलगा ऑस्ट्रेलियात. त्याच्याकडे गेली असताना त्यानं वाढदिवसाची भेट म्हणून आईला विमानातून उडी मारायला नेलं. नवख्या माणसाला प्रशिक्षकाच्या पोटाशी पट्ट्यांनी बांधतात आणि दोघं मिळून उडी मारतात. व्हिडिओ पाहून आम्ही सगळ्यांनी वा वा केली. ताई मात्र घुश्शात होती.

"कांगारूचं पिल्लू केलं रे मला. मागून तो बाबा कानात ओरडतोय, हात पसरा, हसा, कॅमेऱ्याकडे बघा. जन्मभर हेच ऐकत आलेय. मला एकटीला मारायचीय."

त्यासाठी तिकडे रीतसर वर्ग असतो. मुलाच्या गावाजवळच्या क्लबात तिला फेब्रुवारीतल्या वर्गात जागाही मिळाली. दोन अटी होत्या. साठी पूर्ण झालेला नवखा विद्यार्थी ते घेत नाहीत, आणि ताईची साठी मार्चमध्ये भरत होती. म्हणजे फेब्रुवारी हुकला की विषय संपला. दुसरी अट सोपी होती: स्कायडायव्हिंग संघटनेचं सदस्यत्व घ्या, पावती पाठवा, जागा पक्की.

ही सोपी अट भावोजींच्या हाती पडली.

भावोजी त्यांच्या हाउसिंग सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. सोसायटी नोंदली गेली तेव्हापासून तेच आहेत असा माझा समज आहे. टाकी धुवायची असो की पंप बदलायचा असो, तीन कोटेशनं, तुलनातक्ता, सर्वांत कमी दर, ठराव मंजूर. याच पद्धतीनं त्यांनी इमारत रंगवून घेतली. तो रंग अजूनही छान दिसतो, पण खालच्या गाड्यांवर.

"किती घेतात?" त्यांनी ताईला विचारलं. तिनं सांगितलं.

"आणि बाकीचे देश?"

"बाकीच्या देशांचं काय?"

"ते किती घेतात?"

"मला काय माहीत!"

"तेच म्हणतोय मी," भावोजी म्हणाले, आणि मला फोन लावला. मी अंधेरीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचो. "तुझं इंग्रजी बरं आहे. शिवाय हल्ली तुला काही काम नसतं," असं ते म्हणाले. दोन्ही गोष्टी खऱ्या असल्यामुळे मी अडकलो.

निरनिराळ्या देशांतल्या स्कायडायव्हिंग संघटनांची वार्षिक वर्गणी ताडून पाहण्याची वेळ वाचकांवर येऊ नये. कुठे वर्गणीत विमा धरलेला असतो, म्हणजे तुम्ही कुणाच्या कौलांवर पडलात तर कौलं संघटना भरून देते. कुठे विमा वेगळा. कुठे एक मासिक घरी येतं, ते नको असलं तरी येतं. कुठे वर्ष तुमच्या तारखेपासून मोजतात, तर कुठे डिसेंबर संपला की तुम्हीही संपलात. विद्यार्थ्यांसाठी थोड्या महिन्यांचं स्वस्त सदस्यत्व, त्याला पुन्हा अटी. एके ठिकाणी संघटना थोडे घेते आणि उरलेले क्लब उकळतो. "मेंटेनन्स कमी, पार्किंग जास्त," भावोजींना हे लगेच कळलं. प्रत्येक चलनाचे रुपये करायचे, आणि ते रुपये रोज बदलायचे. तक्ता पुरा होत आला की भावोजी म्हणायचे, "जरा थांब, डॉलर उतरू दे." डॉलरला हे कुणी सांगितलं नसावं.

त्यांनी माझ्याकडून प्रत्येक संघटनेला पत्र लिहवून घेतलं, की आपला सर्वांत कमी दर कळवावा. मी ते लिहिलं. मराठी माणसानं इंग्रजीत इतकं लाजिरवाणं काही लिहिलं नसेल. एका संघटनेनं सभ्यपणे कळवलं की वर्गणी आमचे सदस्य वार्षिक सभेत ठरवतात.

"म्हणजे सभेत कमी होऊ शकते," भावोजी म्हणाले.

"क्लब थांबणारेय का त्या सभेसाठी?" ताईनं आतून विचारलं.

रविवारी सोसायटीच्या ऑफिसात कमिटीची बैठक होती. पंपाचा विषय संपल्यावर भावोजींनी तक्ता फिरवला. घरचं काम कमिटीपुढे कशाला, असं मी म्हणालो. "पारदर्शकता," ते म्हणाले.

"वहिनी उडी मारणार?" खजिनदार दचकले. "गच्चीवरून नाही ना? नाही, चावी माझ्याकडे असते."

"विमानातून हो."

"मग हरकत नाही."

"यात लिफ्टसारखं सर्व्हिसिंग येतं का वर्षभर?" दुसऱ्या एकानं विचारलं.

"आणि छत्री उघडलीच नाही तर पैसे परत?"

"देणार कुणाला?" खजिनदार म्हणाले, आणि मग भावोजींचा चेहरा पाहून त्यांनी तक्त्यात डोकं घातलं.

सर्वांत कमी दर युरोपातल्या एका छोट्या देशाचा निघाला. त्याचं नाव सांगत नाही, त्याचा यात काही दोष नाही. भावोजींनी पैसे भरले. ताईच्या नावाचं कार्ड ईमेलनं आलं, त्यावर सुंदर गरुड होता. भावोजींनी ते क्लबाला पाठवून दिलं आणि फाटकावर बॅनर लावला. त्यावर ताईचा निवृत्तीच्या दिवशीचा हार घातलेला फोटो. हार घातलेल्या बाईला विमानातून उडी मारल्याबद्दल, तेही मारायच्या आधी, हार्दिक शुभेच्छा. येणारीजाणारी माणसं बॅनरपुढे क्षणभर गंभीर व्हायची.

मग सत्कार. सोसायटीच्या अंगणात खुर्च्या, माइक, शाल, श्रीफळ. प्रमुख पाहुणे म्हणून वॉर्डातले एक माजी कुणीतरी. स्त्रीशक्ती या विषयावर ते इतका वेळ बोलले, की तेवढ्यात ताई दहा वेळा जमिनीवर पोचली असती. ती शाल पांघरून फोन बघत बसली होती. एकदम तिनं नारळ माझ्या हातात दिला आणि फोन माझ्यापुढे धरला.

क्लबाचं उत्तर होतं. अभिनंदन, पण हे सदस्यत्व दुसऱ्या देशाचं आहे, ते तिथे चालेल. इथे उडी मारायची तर इथल्याच संघटनेचं हवं. उद्यापर्यंत पावती आली नाही तर जागा रांगेतल्या पुढच्या माणसाला देऊ.

आम्हा दोन शिकलेल्या पुरुषांना हे एवढ्या पत्रापत्रीत एकदाही सुचलं नव्हतं. आम्ही वर्गणीला वाळूचा भाव समजलो होतो, जिथे स्वस्त तिथून उचलायची.

भावोजी वाकून वाचत होते. "थांब, मी लिहितो त्यांना. दोन्ही एकाच लाइनमधल्या संस्था. करतील अ‍ॅडजस्ट."

"काय अ‍ॅडजस्ट करतील? देश सरकवतील?" ताईचा आवाज माइकपर्यंत गेला. पाहुणे थांबले. "अहो, मी जन्मभर पोरांना नकाशा शिकवला. जिथे उडी मारणार तिथेच पडणार ना मी?"

"निदान दर तरी..."

"तो तुम्ही अख्ख्या जगाला विचारलाय."

तिनं शालीखालून पर्स काढली, आपलं बँकेचं कार्ड काढलं आणि सगळ्यांसमोर, खुर्चीत बसल्या बसल्या पैसे भरले. लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

खुर्च्या आवरल्यावर भावोजी मला फाटकाशी घेऊन गेले. बॅनरच्या दोऱ्या सोडवू लागले.

"खरं सांगू? मला वाटलेलं, विचारपूस लांबत गेली की तिचाच उत्साह जाईल."

"मग पैसे भरलेत कशाला, तेही सगळ्यात स्वस्तवाल्याचे?"

त्यांनी शेवटची गाठ सोडली. "सवय रे," ते म्हणाले.

फेब्रुवारीत दोघंही गेली. ताईचा पहिल्यांदा फोन आला तेव्हा ती वैतागलेली होती. सुरुवातीच्या उड्यांना दोन बाजूंनी दोन प्रशिक्षक दंडाला धरून असतात. "आधी एक होता, आता दोन झाले," ती म्हणाली. नंतर कित्येक दिवस फोन नाही. मग एका सकाळी आला.

"सोडलं रे आज मला."

"मग? कसं वाटलं?"

"वाऱ्याचा आवाज केवढा असतो. पण कुणी काही सांगत नव्हतं." मग म्हणाली, "हे घे, यांना बोलायचंय."

भावोजी फोनवर आले. ते मैदानात उन्हात मान वर करून उभे होते, तिनं विमानाकडे जाताना बसा म्हटलं तरी बसले नव्हते. "उतरली," ते म्हणाले. "बरोबर उतरली. पायांवर." मी वाट पाहिली, पण पैशांबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत.

ते दुसऱ्या दिवशी बोलले. त्या छोट्या देशाकडून पैसे परत मागायचे आहेत, आणि माझं इंग्रजी बरं आहे.