पाठ केलेलं उत्तर

दुष्काळाच्या त्या वर्षी मी शहरात, गारखेड्यात मावशीकडं राहून धर्मगुरू व्हायची तयारी करत होतो. फादर घडवणाऱ्या सेमिनरीत सगळं शिक्षण इंग्रजीतून, म्हणजे प्रवेशाची मुलाखतही इंग्रजीतच होणार, असं आम्ही गावाकडची ख्रिस्ती पोरं धरूनच चाललो होतो. माझं बीए मराठीतून झालेलं. मग ‘तुला फादर का व्हायचंय?’ याचं उत्तर कॉलेजातल्या एका सरांकडून इंग्रजीत लिहून घेतलं आणि टँकरच्या रांगेत हंड्याशेजारी उभं राहून पाठ केलं. समोर नव्या इमारती उठत होत्या. त्यांच्या स्लॅबवर मारायला पाणी होतं, आम्हाला प्यायला नव्हतं. चीड यायची, पण पुटपुटणं चालूच ठेवायचो.

मुलाखतीत तोच प्रश्न आला. मी घडाघडा म्हणून टाकलं. समोरचे वयस्कर फादर हसले. माणूस चांगला होता.

“छान,” ते म्हणाले. “आता हेच मराठीत सांग, बाळा. घरी बोलतोस तसं.”

मी पुन्हा इंग्रजीतलंच पहिलं वाक्य सुरू केलं आणि अर्ध्यात सोडलं. इतक्या महिन्यांत हा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता. फादरांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडं सरकवला.

घरी आल्यावर मावशीनं विचारलं, “लई अवघड विचारलं का रं?”

“नाय. सोपंच होतं.”

तिनं हंडा हातात दिला, टँकर आला होता. रांगेत उभा राहिलो आणि ओठ आपोआप तेच इंग्रजी उत्तर म्हणायला लागले.