सोमवारच्या विटा

रविवारी सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. शाळेतल्या शिपाईदादांचा फोन आला, "मॅडम, देऊळकर सर गेले. अटॅक आला." मी शिपाईदादांवरच चिडले. कालच तर सरांना फटकारून आले होते, धडधाकट माणूस, असा कसा जाईल... ओला टॉवेल हातात धरून किती वेळ उभी होते, ठाऊक नाही. महिना झाला, अजून पटत नाही.

राळेगाव तालुक्यातल्या आमच्या शाळेत सर इतिहास शिकवत, मी गणित. त्यांचा तास पेपरच्या कात्रणानं सुरू व्हायचा. धरणाची बातमी असली की नाईलचा पूर, कापसाच्या भावाची असली की मेसोपोटेमियातल्या व्यापाऱ्यांच्या हिशेबाच्या मातीच्या पाट्या. पोरं रंगून जायची आणि तास माझ्या तासात घुसायचा. मी दारात घड्याळ दाखवत उभी. "पाच हजार वर्षं उरकून राह्यलो मॅडम, पाच मिनिटं तरी द्या," म्हणायचे. हसू यायचं, पण मी तोंड वाकडंच ठेवायची.

त्या शनिवारी मधल्या सुट्टीत ते स्टाफरूममध्ये कात्रण घेऊन आले. कुठल्याशा गावातली नवी नाली वर्षाच्या आत खचल्याची बातमी होती. "हडप्पाच्या नाल्या अजून टिकून आहेत. त्यांची वीट पाहा मॅडम. जाडी एक, रुंदी दोन, लांबी चार. शेकडो कोसांवरच्या शहरांतही तेच प्रमाण. सोमवारी नववीत या, हे गणित तुम्ही सांगा. मले नाही जमत तसं."

"आधी पोर्शन संपवा," मी म्हणाले. "असल्या उचापतींना मला वेळ नाही."

त्यांनी कात्रणाची घडी घालून खिशात ठेवली आणि गेले. आमचं शेवटचं बोलणं ते एवढंच... मला त्याची लाज वाटते.

सोमवारी प्रार्थनेनंतर श्रद्धांजली झाली, शाळा सोडली. नववी मात्र वर्गातून हलेना. बघायला गेले, तर प्रत्येक बाकावर वीट. कुणी भट्टीवरची आणलेली, कुणी घरकुलाच्या ढिगातली, कुणी पडक्या भिंतीची.

"सरनं सांगतलं होतं आणाले," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. "म्हणे, गणित मॅडम सांगतीन."

"कधी म्हणाले?"

"शनिवारी, शेवटच्या तासाले."

म्हणजे मी नाही म्हटल्यावर. फळ्यावर त्यांचं अक्षर अजून तसंच होतं: सोमवार, विटांचं गणित, मॅडम येतील.

मी पट्टी मागितली. आम्ही सगळ्या विटा मोजल्या, एकीचं माप दुसरीशी जुळेना. मग त्या ओळीखाली मी एक, दोन, चार लिहिलं आणि पोरांसमोरच रडले.

त्यातली एक वीट स्टाफरूममध्ये सरांच्या टेबलावर आहे. नवे सर येईपर्यंत नववीचा इतिहास मी मागून घेतलाय. सकाळी पेपर वाचताना हाताशी कात्री असते. काल तास लांबला. पुढच्या तासाचे सर दारात घड्याळ दाखवत उभे होते.

"पाच मिनिटं द्या," मी म्हणाले.