सुमनमावशीचं पातेलं

रमची बाटली सुमनमावशी पदरात धरून उचलायची, चुलीवरचं तापलेलं भांडं उतरवावं तशी. उघड्या हातानं तिनं त्या बाटलीला कधी स्पर्श केला नाही. झाकण मी उघडायचं, ओतायची तिनं, आणि ओतताना तोंड दाराकडे फिरवलेलं. मग राखेनं हात घासायचे. एवढा विटाळ मानणारी बाई, आणि थंडीत लोणावळ्यातलं सगळ्यात चविष्ट गरम पेय तिच्याच घरात व्हायचं! हसावं की रडावं, मला अजून कळलेलं नाही.

मावशी मूळची भाजे गावची, शेतकऱ्याची लेक. नवऱ्याला सगळे भाऊच म्हणत. ते रेल्वेत गँगमन होते, उभा जन्म घाटात रूळ तपासण्यात गेला. रिटायर झाल्यावर त्यांनी स्टेशनच्या पलीकडे दोन खोल्या बांधल्या. त्यांच्या भिंतीला लागून माझं घर. मी एकटा राहतो, शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळे माझ्या स्वयंपाकावर शेरे मारायचा हक्क मावशीनं पहिल्याच आठवड्यात घेऊन टाकला. तिचा शेरा एकच, "कच्चं ऱ्हायलं." माझी भाकरी कच्ची, वरण कच्चं, चहासुद्धा कच्चा. माझं जमलेलं लग्न मोडलं तेव्हा बिचारी समजूत घालायला आली आणि बसता बसता म्हणाली, "सर, बोलनी कच्ची ऱ्हायली तुमची." त्या दु:खातही मला हसू फुटलं.

तिचा मुलगा संदीप तळेगावच्या एका कारखान्यात लागला होता. त्याला मोटारसायकल हवी होती. मावशी नको म्हणाली, भाऊंनी हौसेनं घेऊन दिली. पहिलाच पावसाळा संपत होता, हायवेच्या वळणावर गाडी घसरली आणि पोरगा गेला. आईबापाचं एकुलतं एक लेकरू. त्या दिवसापासून मावशी भाऊंशी बोलायची थांबली. भांडण नाही, तंडण नाही, नुसती थांबली. आंघोळीचं पाणी तापलं की भिंतीकडे बघून म्हणायची, "पानी तापलंय." जेवण झालं की ताट सरकवायची. मी असलो तर, "सर, त्यांना म्हनावं, रेशन आनायचंय." भाऊ तिथेच, हाताच्या अंतरावर बसलेले असायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

भाऊ संध्याकाळी बाजारातल्या बारमध्ये जायला लागले. तिसरा हिवाळा असेल, एका सकाळी ते रस्त्याकडेच्या गवतात सापडले. अंगावरचा सदरा दवानं ओला, ओठ निळे पडलेले. मी आणि मावशीनं त्यांना उचलून घरी आणलं. संध्याकाळी मावशी माझ्या दारात उभी. "सर, एक बाटली आनून द्या. हितंच पिऊ द्या त्यांना. पडंल तर घरात पडंल."

मी वाइन शॉपसमोर रांगेत उभा राहिलो. पुढे माझ्या वर्गातल्या मुलाचे वडील. त्यांनी मला नमस्कार केला, मी त्यांना केला, आणि मग आम्ही दोघंही बराच वेळ समोरची विजेची तार बघत राहिलो. इज्जतीचा पंचनामाच की!

पण दारू नुसती द्यायची हे मावशीच्या तत्त्वात बसेना. "कच्ची दारू पोटाला बाधती." ह्या कामाचं पातेलं तिनं वेगळं काढलं होतं, ते मोरीत पालथं असायचं. त्यात ती संत्र्यांचा रस घ्यायची, सालीच्या दोन चिरफळ्या टाकायची. मग ठेचलेलं आलं, दालचिनी, लवंग, एक चक्रफूल. उन्हाळ्यात माहेरच्या डोंगरावरनं आणलेल्या करवंदांचा रस गूळ घालून आटवून बरणीत ठेवलेला असे, त्याचे दोन डाव. आणि शेवटी तोंड फिरवून रम. काळपट तांबडा रंग यायचा, वासानं आख्खी आळी जागी व्हायची. मग ती ते उकळायला ठेवायची. चांगलं खदखदून, पातेल्यात निम्मं होईपर्यंत. मी पहिल्या दिवशी म्हणणार होतो, मावशी, एवढं उकळू नका. तिनं डोळे वटारले, "तुमचं ऱ्हाऊ द्या, सर."

स्टीलच्या पेल्यात ते औषध भाऊंपुढे यायचं. 'दारू' हा शब्द त्या घरात उच्चारायचा नाही, औषधच म्हणायचं. पेला संपेपर्यंत मावशी उंबऱ्यात बसायची, पहाऱ्याला. आणि पहिल्याच आठवड्यात भिंतीपलीकडून मला तिचा आवाज ऐकू आला. ती भाऊंशी बोलत होती. सरळ त्यांच्याशी.

"नको म्हनलेवते मी. म्हनलेवते का न्हाई? पोरगं लाडानं मागतंय, तर तुमी उठून शोरूमला गेला. तवा माझं कुनी ऐकलं न्हाई."

त्यावर भाऊंचा नुसता हुंकार. नंतर तिचं रडणं. दुसऱ्या दिवशी मी विचारलं तर पदरानं नाक पुसत म्हणाली, "पिलेल्या मानसाला बोललेलं सकाळी ध्यानात ऱ्हात न्हाई, सर. म्हनून बोलून घेते. जागेपनी बोलले तर घर ऱ्हायचं न्हाई माझं."

पुढे मला सर्दी झाली तेव्हा तिनं मलाही एक पेला दिला. काय चव होती! करवंदाचा आंबटपणा, संत्र्याची साल, घशात उतरणारं आलं. आणि रम? नावालाही नाही. तेवढं उकळल्यावर राहणार कशी? सगळी वाफेबरोबर कौलांतून गेलेली. मी पेला हातात धरून बसलो. म्हणजे भाऊ रोज शुद्धीवर बसून हे सगळं ऐकत होते.

मी त्यांना स्टेशनवर, पुलाच्या पायरीवर गाठलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "पयल्या घोटालाच कळलं मला. काडा हाय नुसता. पन सर, तीन वरसांनी ती माझ्याशी बोलली. शिव्या घाली ना का! नाव तर घेती पोराचं." उठताना त्यांनी माझा हात धरला. "तिला सांगू नका. कळलं तर परत भिंतीशी बोलंल."

मी सांगितलं नाही. बाटल्या आणत राहिलो. भाऊ बारची पायरी पुन्हा चढले नाहीत. संध्याकाळी जीभ जड केल्याचं सोंग करायचे, उठताना दाराला धरायचे, आणि सकाळी पाणी तापल्याचं भिंतीकडून ऐकून निमूट आंघोळीला जायचे. उन्हाळ्या-पावसाळ्यात औषध नसे, म्हणून बोलणंही नसे. मला वाटतं, त्या आळीत थंडीची वाट बघणारा तो एकच म्हातारा असावा. उत्तर मात्र त्यांनी कधी दिलं नाही. पिलेल्या माणसाचं उत्तर कुणी खरं धरतं का?

गेल्या हिवाळ्यात मावशीची छाती भरली. तळेगावच्या दवाखान्यात ठेवलं. तिथे कुठलं पातेलं आणि कुठला पेला! ती भिंतीकडे तोंड करून पडलेली, भाऊ स्टुलावर. दोन दिवस अक्षर नाही. तिसऱ्या दिवशी भाऊंनी घरी येऊन स्वतः सगळं केलं. संत्री, आलं, करवंदाची बरणी, रम. भेटीची वेळ टळेल म्हणून जिवाची घाई. थर्मासमध्ये भरून आम्ही दवाखाना गाठला. भाऊंनी झाकणात ओतून तिच्यासमोर स्वतःच्या ओठाला लावलं.

मावशीनं वासावरूनच मान वळवली. श्वास पुरत नव्हता, तरी सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाली, "कच्चं ऱ्हायलं. ठिवा ते खाली. हे चढंल तुमाला."

भाऊंचा हात तिथेच थांबला. 'हे' चढेल. म्हणजे आधीचं कधीच चढत नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. एवढे हिवाळे ती शुद्धीवरच्याच माणसाशी बोलत आली होती.

भाऊंनी झाकण खाली ठेवलं. "चुकलं माझं, सुमन," ते म्हणाले. "गाडी मीच दिली."

तिनं डोळे मिटून घेतले. ऐकलं की नाही, देव जाणे. तेवढ्यात नर्सनं आम्हाला बाहेर काढलं. पहाटे दवाखान्याचा फोन आला.

यंदा थंडी पडली तशी मी सवयीनं बाटली घेऊन गेलो. भाऊंनी मोरीतलं पातेलं काढलं होतं, संत्री सोललेली होती. बाटलीकडे बघून त्यांनी मान हलवली.

"परत न्या, सर. आता कुनाला फसवायचं?"

मग त्यांनी पातेलं गॅसवर ठेवलं आणि निम्मं होईपर्यंत उकळलं.