मोटारसायकल, डबी आणि लेकीची साखर

लेकीच्या दंडावर नाण्याएवढा सेन्सर बसवला, त्या दिवसापासून माझं अर्धं लक्ष कायम खिशातल्या मोबाइलकडे असायचं. तिला टाइप वन मधुमेह आहे. अकराव्या वर्षी कळलं. त्याआधी ती सारखी पाणी पीत होती, वाळत चालली होती, आणि आम्ही म्हणत होतो, वाढीचं वय आहे. दवाखान्यातून घरी आलो ते इन्सुलिन, सुया आणि डॉक्टरांचं एक वाक्य घेऊन: साखर वाढली तर वेळ असतो, उतरली तर नसतो.

माझी बायको पाचगणीच्या एका निवासी शाळेत मुलींच्या वसतिगृहाची मेट्रन आहे. शाळेच्या आवारातच आम्हाला दोन खोल्या मिळाल्यात आणि लेक त्याच शाळेत शिकते. मी शेतातले सौर पंप दुरुस्त करतो. माझ्या वाट्याला आलेला भाग म्हणजे आटपाडी आणि आजूबाजूची गावं. सोमवारी सकाळी मोटारसायकलवर घाट उतरायचा, वाई, सातारा, वडूज, मायणी करत आटपाडी गाठायची, तिथं भाड्याच्या खोलीवर राहायचं आणि शुक्रवारी परत फिरायचं. इकडं धुकं आणि स्ट्रॉबेरी, तिकडं उघडा माळ आणि डाळिंब.

सेन्सर दर पाच मिनिटांनी लेकीच्या दप्तरातल्या मोबाइलला साखरेचा आकडा द्यायचा. शाळेनं तेवढी परवानगी दिली होती. तिथून तो आकडा इंटरनेटवरून बायकोच्या आणि माझ्या मोबाइलवर यायचा. आकड्याशेजारी एक छोटा बाण. बाण आडवा असला की सगळं ठीक. खाली वळला की साखर उतरतेय. मी तर मोबाइल वाजायची सूचना ऐंशीलाच लावून ठेवली होती. आकडा ऐंशीवर आला की मी गाडी बाजूला घेऊन बायकोला फोन करायचो. ती म्हणायची, “अहो, जेवायलाच बसलीय ती.”

मायणी सोडली की रेंज जायची यायची. येईपर्यंत मी गाडी दामटायचो. आली की थांबून आकडा बघायचो आणि मग पुढच्या तुकड्याची काळजी सुरू व्हायची. एकदा असाच मोबाइल बघताना चाक मुरमात गेलं. पडलो नाही एवढंच. त्याच आठवड्यात ठरवलं, गाडीवर चालेल असं काहीतरी घ्यायचं.

साताऱ्यात ओळखीचं एक मोबाइलचं दुकान होतं. दुकानदार माझ्याच वयाचा.

“गाडीवर सतत नेट पाहिजे,” मी म्हणालो.

“फिरायचे व्हिडिओ करताय व्हय?” तो हसला. “तसले लय येतात आता. लडाखला जाणारे.”

मी नुसतं नाही म्हणालो. कशासाठी ते सांगितलं नाही.

त्यानं एकेक वस्तू काचेवर मांडली. सिम घालायचं घड्याळ होतं. मनगटावर आकडा दिसेल, हे मला आवडलं होतं, पण हातमोज्याखाली ते दिसणार कसं, आणि त्याची बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकेल याची खात्री तोही देईना. टॅब होता. हँडलवर लावला की आकडा मोठा दिसला असता, पण मग मी रस्ता बघितलाच नसता, हे मुरमातल्या चाकानं मला शिकवलं होतं. दुसरा स्मार्टफोन घ्यावा तर त्यालाही बघत बसणं आलंच. शेवटी त्यानं साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी काढली. आत सिम टाकायचं, डबी पिशवीत ठेवायची, आणि आपल्या मोबाइलला तिचं वायफाय जोडायचं.

“हिच्यात दुसऱ्या कंपनीचं सिम टाका. तुमच्या मोबाइलची रेंज गेली तर ही हाय.”

“पण माळावर चालेल ना?”

“टॉवर आसंल तिथं चालंल. डबी काय रेंज तयार करत न्हाई, गड्या.”

मी ते ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. मला डबी हवी होती. शेजारच्या गॅरेजात गाडीच्या बॅटरीवरून चार्जिंगची वायर काढून घेतली. हेल्मेटमध्ये छोटा स्पीकर बसवला. आकडा बदलला की मोबाइलमधली एक बाई कानात सांगायची, “एकशे बारा.” थोड्या वेळानं, “एकशे सहा.” पहिले काही दिवस मी स्वर्गात होतो. गाडी चालवताना लेक मागं बसल्यासारखी वाटायची.

मग ती दुपार आली. आटपाडीच्या पलीकडं एका डाळिंबाच्या बागेत पंप बंद पडला होता. जाताना कानात “एकशे बारा” ऐकलं आणि नंतर बाई गप्पच राहिली. मला वाटलं, आकडा स्थिर आहे. पोचल्यावर मोबाइल बघितला. वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या आणि समोर एकशे बारा. मी निवांत पंप उघडला. कंट्रोलरमध्ये मुंग्यांनी घर केलं होतं. ते साफ केलं, वायर बदलली, पाणी आलं. बागेचे मालक साठीचे, लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी चहा आणला. कप हातात घेऊन मी पुन्हा मोबाइल बघितला. एकशे बारा.

इतका वेळ साखर एकाच आकड्यावर राहत नाही. आकड्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, पाऊण तासापूर्वी.

वायफायच्या रेघा भरलेल्या होत्या, कारण डबी माझ्या पिशवीतच होती. पण डबीला स्वतःलाच नेट नव्हतं. आणि मी त्या भरलेल्या रेघा बघून खुशाल वायरी जोडत बसलो होतो.

“आवं, काय झालं? तोंड का उतारलं?” मालकांनी विचारलं.

“पोरीची साखर बघायचीय. रेंज नाही.”

त्यांना साखरेचं कळलं नसावं, पण पोरीचं कळलं. “हितं कुणाचाच फोन लागत न्हाई. त्या देवीच्या माळावर लागतोय. चला.”

मी किल्ली काढली. त्यांनी ती माझ्याकडून घेतली. “वाट तुमास्नी ठावी न्हाई. मागं बसा. म्या चालवतो.”

त्यांनी माझीच गाडी माळावर घातली. मी मागं मोबाइल धरून बसलो होतो. देवळाजवळ पोचताच अडकलेले सगळे आकडे एकदम आले. शहाण्णव. एक्याऐंशी. सदुसष्ट. चौपन्न. आणि त्यानंतर आकडा नाही, नुसत्या आडव्या रेघा. सेन्सरशी संपर्क नाही.

बायकोला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला, तेच. शाळेच्या कार्यालयाचा नंबर सारखा व्यस्त. मी देवळाच्या पायरीवर बसलो. मालक शेजारी उभे होते. समोर सगळा माळ उन्हात पसरलेला, आणि पाचगणी कुठल्या दिशेला आहे हेही मला सुचेना. त्या क्षणी मी जे जे डोळ्यांसमोर आणलं, ते लिहिण्याची माझी आजही तयारी नाही.

फोन वाजला. बायको.

“ठीक आहे ती,” तिचा पहिला शब्द हाच. “बसलीय माझ्याजवळ. बिस्किट खातेय.”

मालकांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि दुसरीकडं तोंड करून उभे राहिले.

झालं असं होतं. खेळाच्या तासाला लेक खो-खो खेळत होती. दप्तर मैदानाच्या टोकाला, ती पळत लांब गेली म्हणून सेन्सरचा संपर्क तुटला. पळता पळता तिचे पाय लटपटले. ती स्वतःच बाजूला जाऊन बसली आणि खिशातली ग्लुकोजची पुडी काढली. हात थरथरत होते, पुडी फाटेना. मग तिच्या मैत्रिणीनं ती दातांनी फाडली. दुसरी मुलगी मेट्रनला बोलवायला धावली. बायकोच्या मोबाइलवर सूचना वाजतच होती, तो टेबलावर टाकून ती तशीच पळत सुटली होती.

“बाबा,” लेकीचा आवाज आला, “पुडी निम्मी तिच्याच तोंडात गेली. ती म्हणाली, गोड आहे.” आणि ती हसली.

बायकोनं फोन परत घेतला. “अहो, एक विचारू? आकडा वेळेवर दिसला असता, तर तिथनं तुम्ही काय केलं असतं?”

“तुला फोन केला असता.”

“मी तर इथं शाळेतच होते.”

मालकांनी मला बागेत परत नेलं, चहा नव्यानं करायला लावला आणि मी तो पिईपर्यंत जाऊ दिलं नाही.

शुक्रवारी घरी गेल्यावर डबी वसतिगृहात देऊन टाकली. तिथल्या आतल्या खोल्यांत भिंतींमुळं रेंज अडते, पण खिडकीत ठेवली की डबी चालते. माझ्यासाठी मी बटणांचा साधा फोन घेतला, दुसऱ्या कंपनीचं सिम टाकून. माळावर बऱ्याच ठिकाणी नेट चालत नाही, पण साधा फोन लागतो. तो नंबर फक्त बायकोला आणि लेकीला दिला. वाजला तरच थांबायचं. हेल्मेटमधली बाई बंद केली. पहिल्या सोमवारी तिच्या आवाजाविना घाट उतरताना इतकं चुकल्यासारखं वाटलं, की वाईत दोनदा थांबून मी तो फोन सुरू आहे ना ते बघितलं. भीती गेलेली नाही. मायणी सोडली की अजूनही खिसा चाचपतो.

त्या शुक्रवारी लेकीनं माझा मोबाइल हातात घेतला होता.

“बाबा, सूचना ऐंशीला का लावलीय? ऐंशी म्हणजे काहीच नसतं. तुम्ही आईला फोन करता, आई मला वर्गातून बाहेर बोलावते. सगळ्या बघतात. साठला लावू या.”

“पंचाहत्तर.”

“साठ.”

“डॉक्टर सत्तर म्हणाले होते.”

“ते माझ्या मोबाइलला. तिथं सत्तरच आहे, आईच्याही. तुम्ही लांब असता.” तिनं थोडा विचार केला. “बरं, पासष्ट.”

मी बायकोकडे बघितलं. ती भाजी निवडत होती, तिनं मान वर केली नाही. मी हो म्हणालो, आणि लेकीनं स्वतःच आकडा बदलून मोबाइल मला परत दिला.