भुईआवळीचं आवतण

भुईआवळी हा शब्द मी आमच्या उचगावच्या घरात एकदाही मोठ्यानं उच्चारलेला नाही. आता लिहिला, म्हणजे सासूबाईंच्या हिशेबानं औषधाचा गुण गेला. औषधाचं झाड नावानं पुकारलं की रुसतं, असं त्या म्हणत. माझ्या ओळखीतल्या पुष्कळ थोर माणसांचं नेमकं उलट असतं, नावानं पुकारलं नाही की ती रुसतात. त्यामुळे या झाडाबद्दल मला पहिल्यापासून थोडा आदर होता.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी लग्न होऊन या घरात आले. माहेर कोल्हापूर शहरातलं, म्हणजे सासर बसच्या एका तिकिटावर. शहरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी मराठी शिकवत होते आणि पुढेही शिकवणार होते, हे सासरच्यांनी कुरकुर न करता मान्य केलं. घरचं किराणा दुकान होतं. सासूबाई निपाणीकडच्या, म्हणून घरात आणि गल्लीत सगळे त्यांना कानडीतल्या आईसारखं अव्वा म्हणत, मीही म्हणू लागले. अव्वा रविवारी आणि बुधवारी सकाळी काविळीचं औषध देतात, एवढी गोष्ट मात्र लग्नाच्या बोलण्यात निघाली नव्हती. पहिल्याच रविवारी मी दार उघडलं, तर पायरीवर पिवळ्या डोळ्यांची माणसं ओळीनं बसलेली. नवी सून बघायला लोक इतक्या पहाटे येतात याचं मला आश्चर्य वाटलं होतं.

औषध घराच्या बाजूच्या अंगणात उगवायचं. न्हाणीचं पाणी त्या बाजूनं वाहायचं, त्यामुळे तिथली माती उन्हाळ्यातही ओलसर असायची. वीतभर उंचीचं, कुणी पुसलं नसतं असं तण. पानं चिंचेच्या पानांसारखी बारीक, आणि काडी उलटी केली की पानांच्या पोटाशी मोहरीएवढ्या हिरव्या मण्यांची ओळ. झाड कुठलं हे मला कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, कारण अव्वांनी औषध वाटून झाल्यावर पाटा धुण्याचं काम माझ्याकडे आलं होतं आणि ते मणी वरवंट्याला चिकटून राहायचे. गावात निम्म्या लोकांना झाड ठाऊक असणार. पण आपल्याकडे गुपित म्हणजे सगळ्यांना ठाऊक असलेली आणि कुणीच न बोलायची गोष्ट.

नियम बरेच होते. आदल्या दिवशी दिवेलागणीला झाडाला आवतण द्यायचं, म्हणजे हळदकुंकू आणि चार अक्षता वाहून, उद्या सकाळी माझ्या घरी कामाला ये, असं सांगायचं. सकाळी आपली सावली त्याच्यावर पडू न देता मुळासकट उपटायचं, वाटायचं, रस ताकात घालून उपाशीपोटी द्यायचा. असे तीन डोस, एक चुकला तर पहिल्यापासून सुरुवात. पैसा घ्यायचा नाही. पथ्य म्हणजे तेल नाही, तिखट नाही, मटण नाही. कोल्हापूरच्या माणसाला हे सांगणं म्हणजे जवळजवळ तडीपारीची नोटीस. मोठी मोठी माणसं पायरीवर बसून, "अव्वा, नुसता रस्सा चालंल का?" असं विचारताना मी ऐकली आहेत.

शेवटचा नियम मला सगळ्यांत आवडायचा. औषध घेतलं की उठायचं आणि मागं न बघता चालू लागायचं. 'येतो' म्हणायचं नाही, कारण येतो म्हटलं तर कावीळही परत येणार. एरवी निरोप घ्यायला अर्धा तास लावणारी माणसं आमच्या दारातून भांडण झाल्यासारखी निघून जायची. एखादा नवखा सवयीनं, "येतो हं अव्वा," म्हणालाच, तर आतून आवाज यायचा, "येऊ नगंस."

कावीळ पुष्कळदा विश्रांतीनं आणि पथ्यानं आपली आपण उतरते, हे मी तेव्हाही वाचलेलं होतं. ती अंगावर काढली तर माणूस जातो, हेही. म्हणून मी एक हट्ट धरला. येणाऱ्यानं आधी रक्त तपासून डॉक्टरला दाखवायचं, मग पायरीवर बसायचं. अव्वा भांडतील असं मला वाटलं होतं.

"दावा की. मी कुठं न्हाय म्हणतो?" त्या म्हणाल्या. आमच्याकडे बायकाही 'म्हणतो'च म्हणतात. "डाक्टर बगू दे, मशीन बगू दे. ज्यास्त जणांनी बगितलं म्हणून कावीळ काय लाजती व्हय?"

बाकीच्या नाटकांचा मात्र त्यांना राग होता. एक गृहस्थ रोग्याच्या हाताला चुना चोळून पाणी पिवळं करून दाखवायचे, कावीळ उतरली म्हणून. अव्वा म्हणायच्या, "चुना त्यो. माझ्या हाताला चोळला तरी पिवळंच व्हनार." त्याच भुईआवळीचा ताप, पित्त, लघवीची जळजळ अशा दहा गोष्टींवर उपयोग होतो असं मी एकदा नाव गाळून वाचून दाखवलं, तर त्यांनी हात झटकला. "दहा कामं करनारा गडी एक बी धड करत न्हाय."

हे औषध सासूकडून सुनेकडे जायचं, तेही ग्रहणात, नाहीतर निदान अमावास्येला. लेक परक्या घरी जाणार, म्हणून तिला नाही. पुढच्या ग्रहणाला तुझ्या हातात देते, असं अव्वांनी सुचवलं तेव्हा मी सरळ नको म्हटलं.

"का ग? डोंगार उचलायचाय व्हय त्यात?"

"माझा विश्वास नाही, अव्वा."

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "इस्वास आजाऱ्याचा लागतो. वाटनारीचा न्हाय."

पण माझं नको ते नकोच राहिलं. पुढं ग्रहणं आली आणि गेली, अव्वांनी विषय काढला नाही. त्यांचे गुडघे मात्र दर पावसाळ्याला थोडे थोडे जाऊ लागले. पूर्वी त्या अंगणातलं संपलं तर गावामागच्या पाण्याच्या पाटाच्या कडेनं हिंडून आणायच्या. आता अंगण हेच त्यांचं रान उरलं, आणि त्यांच्यामागं औषध बंद पडणार हे त्यांनाही कळत होतं, मलाही.

मग नवं शतक आलं आणि त्याच्याबरोबर डिजिटल बोर्ड आले. गल्लीतल्या तरुण मंडळानं एका भाद्रपदात ठरवलं की अव्वांचा जाहीर सत्कार करायचा. स्टेजवर चढणं गुडघ्यांमुळे होणार नाही म्हटल्यावर प्रमुख पाहुण्यांनाच आमच्या अंगणात आणायचं ठरलं. रविवारी सकाळी दहाचा मुहूर्त. दोन दिवस आधी दारात बोर्ड उभा राहिला. 'वनौषधी तपस्विनी' असं लिहिलेलं, खाली मंडळातल्या झाडून सगळ्यांचे फोटो, वर पाहुण्यांचा, आणि कोपऱ्यात अव्वांचा. अव्वांच्या मागं शोभेला लिंबाएवढे आवळे लगडलेली फांदी.

"तपस्विनी म्हंजे?" अव्वांनी मला विचारलं.

"तप करणारी."

"मी कवा केलं?"

शनिवारी दुपारी मी कॉलेजातून आले तेव्हा अंगण ओळखू येईना. मंडळाच्या पोरांनी मायेपोटी ते साफ केलं होतं. सगळं तण उपटून ट्रॉलीत भरून गेलेलं, वर लाल मुरूम पसरलेला, आणि दोघं जण त्यावर रोलर ओढत होते. अव्वा दारात चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघूनच मला कळलं.

"काढू दिलंत तुम्ही?" मी हळू आवाजात विचारलं.

"पोरगं इचारलं की मला," त्या म्हणाल्या. "अव्वा, ह्यातलं काय ठेवायचं काय?"

"मग?"

"तुळस ठेव म्हटलो."

दुसरं त्या काय म्हणणार होत्या? नाव घ्यायचं नाही, बोट दाखवायचं नाही. उभ्या गावादेखत, ज्याच्यासाठी सत्कार चालला होता तेच उपटलं जात असताना त्यांना तुळशीवर भागवावं लागलं. वृंदावनाला गेरू लावून पोरांनी तुळस तेवढी ठेवली होती. दिसायला सगळं फार छान होतं.

मग त्या म्हणाल्या, "उद्या ती मलकापूरची येत्यात."

मलकापूरचा एक ट्रकड्रायव्हर आणि त्याची बायको. त्याच्या रक्ताचे रिपोर्ट सुधारत चालले होते, दोन डोस झाले होते, तिसरा रविवारी. पण हा एक चुकला असता तर अव्वांच्या नियमानं पुन्हा पहिल्यापासून, आणि ती दोघं त्यांच्या शब्दावर पहाटेच्या एसटीनं येणार होती. आपल्या पायरीवरून रोगी रिकामा गेला असं त्यांच्या हयातीत घडलेलं नव्हतं. मी त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं, आणि पदरानं झाकून घेतले. मला जा म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बहुधा मी वाद घातला असता.

देवघरातलं हळदकुंकू आणि चिमूटभर तांदूळ कागदात बांधून मी गावामागच्या उसाकडे निघाले. आवतण आज दिवेलागणीलाच द्यायला हवं होतं. पाटाच्या कडेला वाकून एकेक काडी उलटी करून बघत होते. त्या हंगामात प्रत्येक तण दुसऱ्यासारखं दिसतं. तेवढ्यात उसातून एक शेतकरी बाहेर आला.

"काय हुडकाय लागलायसा, बाई? हरवलं काय?"

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की नाव घेता येत नाही. कुणी अडवलं नव्हतं, मी ते मानतही नव्हते. पण जीभ वळली नाही.

"कानातलं," मी म्हटलं.

"सोन्याचं?"

"हो."

"आरारा," म्हणून तो भला माणूस माझ्याबरोबर उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी तण बाजूला करत अस्तित्वात नसलेलं कानातलं शोधू लागला. त्याच्या टाचेखाली मला पहिला मण्यांचा तुरा दिसला. "तिकडं बघता का जरा?" असं सांगून त्याला पलीकडे पाठवलं. माझ्या दोन्ही कानांत दोन्ही कुड्या होत्या, पण तो मातीकडे बघत होता.

मग मी झाडाला आवतण दिलं. तू म्हणावं की तुम्ही, इथंच अडलं. वर्गात मी विनंतीपत्रं शिकवत असे, पण हा नमुना पुस्तकात नव्हता. शेवटी अव्वांच्याच शब्दांत, ओठांतल्या ओठांत म्हटलं, "उद्या माझ्या घरी कामाला ये की." इतकं हास्यास्पद मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं, आणि गंमत म्हणजे अक्षता बरोबर चारच आहेत ना, हे मी मोजून घेतलं.

शेतकरी परत आला. "न्हाय गावलं. उजाडल्यावर या, उन्हात चमकल."

"येते," मी म्हटलं, आणि त्याला सांगितलेलं तेवढं एकच खरं होतं.

सकाळी मी उगवतीकडं तोंड करून, सावली मागं ठेवून झाडं उपटली. घरी अव्वा पाट्यासमोर बसल्या होत्या. त्यांनी एक काडी उलटी केली, मणी बघितले, आणि मला शाबासकी वगैरे काही न देता पाट्यासमोरून बाजूला सरकल्या.

"धुऊन घे. बारीक वाट."

मी वाटलं. ग्रहण नव्हतं, अमावास्याही नव्हती. ड्रायव्हरनं डोळे मिटून ताक घेतलं. त्याच्या बायकोनं विचारलं, "अव्वा, आता मटान कवा?" अव्वा म्हणाल्या, "डाक्टर सांगंल तवा. माझं ऐकू नगं, मला बी खायाचं असतंय." दोघं उठली आणि लाल मुरमावरून, रांगोळी चुकवत, मागं न बघता गेली.

दहाचे पाहुणे साडेअकराला आले. शाल, श्रीफळ, फेटा आणि आयुर्वेदाच्या महान परंपरेवर भाषण झालं. शेवटी पाहुण्यांनी माईक अव्वांसमोर धरला. "आज सगळ्यांदेखत सांगाच, अव्वा, ती दिव्य वनस्पती कोणती?"

अव्वांनी फेटा मागं सरकवला आणि दारातल्या बोर्डावरच्या आवळ्याकडे बोट केलं. "ती काय, वर लावलीया की."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढचे कित्येक दिवस गल्लीत आवळे महाग होते.

त्यानंतर रविवारी आणि बुधवारी पाट्याशी मीच बसत आले, अव्वा शेजारी बसून ताक ढवळत. विश्वास बसला का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. हळूहळू नळाचं पाणी सुधारलं, लसी आल्या, पायरी रिकामी राहू लागली. अव्वा गेल्या त्या एका दुपारी, झोपेतच, कुणाचा निरोप न घेता. मुरूम दोन पावसांत वाहून गेला आणि तण आवतणाशिवाय परत आलं. पुढं अंगणात सिमेंटचे ब्लॉक बसवले, तरी न्हाणीच्या बाजूच्या फटींतून ते निघतंच.

दसऱ्याच्या आधी अंगण साफ करायला एक मावशी येतात. खुरपं घेऊन बसल्या की दर वर्षी विचारतात, "ह्यातलं काय ठेवायचं काय, बाई?"

"तुळस ठेवा," मी म्हणते. "न्हाणीकडचं मी काढते."