मामंजींच्या नावाची मोकळी जागा

मामंजींचं नाव मी आजवर घेतलं नाही आणि इथंही लिहिणार नाही. नारीनकडच्या आमच्या डोंगरात सासऱ्याचं नाव सुनेच्या तोंडून निघत नाही, मग आभाळ कोसळो. माझी धाकटी जाऊ कलीपा, तिचंही तसंच. नेमकं तिथंच तिचं घोडं अडलं.

कलीपा लग्न होऊन आली तेव्हाच मी ओळखलं, ही पोरगी वेगळी आहे. गाय पिळता पिळता थांबायची आणि डोंगराकडं बघत बसायची. गाय लाथ मारायची, बादली लवंडायची, ही हसायची. दोन लेकरं झाली तरी खोड गेली नाही. मोबाइलवर अंगठ्यानं गोष्टी लिहायची.

त्या वर्षी आमच्या राजधानीत, बिश्केकच्या एका विद्यापीठात गोष्टी लिहायला शिकवणारा वर्ग निघाला. जागा बोटावर मोजण्याएवढ्या, अर्ज पोत्यानं. आधी एक गोष्ट पाठवायची, ती पसंत पडली तर मास्तर लोकांपुढं मोठ्यानं वाचायची. हिनं पाठवली. माझा दीर, म्हणजे हिचा नवरा, मेंढरं घेऊन वरच्या कुरणात होता. तो फोनवर म्हणाला, "जा बापडे, न्हाईतर जन्मभर बादल्या लवंडशील."

एक दिवस शहरातून त्या वर्गाच्या बाईंचा फोन आला. लेकरू कडेवर होतं म्हणून हिनं तो मोठ्या आवाजावर ठेवला. "गोष्ट फार आवडली. पण त्या माणसाचं नाव येतं तिथं प्रत्येक ठिकाणी मोकळी जागा सुटलीय. वाचायला याल तेव्हा भरून आणा."

गोष्ट मामंजींची होती. मी म्हटलं, "दुसरं कुठलं तरी नाव घाल की."

"दुसऱ्या नावाचा माणूस आसा वागत न्हाई, आक्का."

"मग सासरा म्हण."

"गोष्टीत सून न्हाईच. तो हाय आन त्याची घोडी."

मामंजी चुलीजवळ चहा पीत होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. म्हणाले, "मग घे की माझं नाव. मी म्हणतोय न्हवं?"

कलीपानं तोंड उघडलं. कानापर्यंत लाल झाली, शब्द काही निघेना.

"हाड आडकल्यागत काय करतीस? थोरले, तू घेऊन दाखव हिला."

मी डोक्यावरचा रुमाल पुढं ओढला आणि चुलीत गोवरी सारली.

"दोघी सारख्याच," मामंजी उठले. "गाडी ठरवा. मीच येतो."

दाबलेल्या लोकरीची, पांढरी नमद्याची टोपी घालून, खिशात सुक्या दह्याच्या गोळ्या भरून ते निघाले. सोबतीला मी. मास्तर तिघं होते. मामंजींनी आधी तिघांच्या हातावर एकेक गोळी ठेवली, मग खुर्ची ओढून कलीपाच्या शेजारी बसले. "हिनं वाचायचं, नाव मी घेणार. चालंल?" फोनवाल्या बाई हसल्या, म्हणाल्या, "चालेल, आजोबा."

कलीपा वाचायला लागली. मोकळी जागा आली की थांबायची आणि मामंजी खणखणीत आवाजात स्वतःचं नाव घ्यायचे, शाळेत हजेरी दिल्यागत. मास्तरांना आधी गंमत वाटत होती. मग तेही ऐकत राहिले.

आमच्या सासूबाई गेल्या तेव्हाची गोष्ट होती ती. मयताच्या जेवणाला घोडं कापावं लागतं. मामंजींनी आपली लाडकी करडी घोडी स्वतः ओढून आणली. बायकोसाठी पुरुषानं मयत ठेवलेल्या तंबूबाहेर काठीवर रेलून गळा काढायची रीत आहे, तसा त्यांनी काढला. पण घोडीसाठी रडायची रीत नाही. कलीपानं वाचलं, "दिवस मावळताना रिकाम्या गोठ्यात, घोडीचं दावं तोंडाशी धरून..." आणि थांबली.

या वेळी मामंजींनी नाव घेतलं नाही.

म्हणाले, "खोटं हाय. मी रडलो न्हाई."

तिनं मान वर केली नाही. हळू आवाजात म्हणाली, "रडला हुता, मामंजी. मी गोवऱ्या आणाय आलते. ढिगामागं हुते."

मला वाटलं, आता म्हातारा उठून चालू लागला की संपलं. पोरगी परत बादलीपाशी. मामंजींनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, टोपीवरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी आपलं नाव घेतलं. एवढं हळू, की मला ओठांवरून कळलं.

"रडला," कलीपानं वाक्य पुरं केलं.

तिला जागा मिळाली. तिची गाय आता मी पिळते, लेकरं माझ्याच अंगावर लोळतात. रविवारी तिचा फोन आला की मामंजी लांब बसून ऐकत नसल्यासारखं करतात. परवा मात्र मला हाक मारली.

"थोरले, तिला सांग. घोडीच्या कपाळावर पांढरा टिळा हुता. त्यो लिवायचा ऱ्हायलाय."